काचेवरची गाय

आमूला झोप लागली, की सत्यशीला गाय काढायला बसायची.

गाय काढायची ती मॅटीच्या कापडावर. मॅटी म्हणजे ते बारीक चौकटींचं जाळीदार कापड, ज्यावर मुली लग्नाआधी फुल्या-फुल्यांचे पोपट भरतात आणि लग्नानंतर ते पोपट टीव्हीवर झाकण म्हणून घालतात. सत्यशीलाच्या माहेरच्या ट्रंकेत तसला एक लांब तुकडा उरला होता. बाळंतपणानंतर जालन्याला परत येताना तिनं तो पिशवीत टाकला, तेव्हा सासूला, मालनबाईला, वाटलं की सून आता पोरीसाठी काहीतरी शिवणार. पण सून पांढऱ्या कापडावर नुसत्या काळ्या दोऱ्यानं फुल्या टाकत बसली, त्याही एका कोपऱ्यात, तळहाताएवढ्या जागेत, आणि पुन्हा पुन्हा उसवून. शेजारणीनं विचारलं तेव्हा मालनबाईनं सांगून टाकलं, की आमची सून गाय शिवून राह्यली, अन् गायीला अजून पाय फुटले न्हाईत.

खरं तर ते शिवणकाम नव्हतंच. ते नोकरीचं काम होतं. म्हणजे गेलेली नोकरी परत मिळवायचं.

जालन्याच्या एमआयडीसीत अप्पारावांचं पत्र्याचं शेड होतं. तिथं इलेक्ट्रॉनिक वजनकाटे तयार व्हायचे. बियाण्याच्या पिशव्यांपासून सरकीच्या पोत्यांपर्यंत सगळं त्यांच्यावर तोललं जायचं. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून सत्यशीला तिथं लागली ती डाग द्यायला, म्हणजे सोल्डरिंगला. पण हळूहळू काट्याच्या पोटातली चिप तिच्या ताब्यात आली. काट्यानं काय मोजावं, काय दाखवावं, कुठं थांबावं, हे सगळं त्या नखाएवढ्या चिपमध्ये भरायचं काम तिचं. खिडकीपाशी तिचं टेबल होतं. लग्न झालं तरी टेबल राहिलं, दिवस गेले तरी राहिलं. आमू झाली आणि टेबल रिकामं झालं.

अप्पाराव माणूस वाईट नव्हता. पोरगी बसायला लागली तशी सत्यशीला तिला कडेवर घेऊन शेडवर गेली. अप्पारावांनी चहा मागवला, आमूच्या हातात रंगीत वायरचा तुकडा दिला आणि मुद्द्याचं बोलले, की हा कारखाना हाय, इथं लेकरू कसं ठेवता येईल? आणि औरंगाबादहून एक मुलगा येणार होता, एक तारखेपासून. खिडकीचं टेबल त्याला द्यायचं ठरलं होतं.

सत्यशीलाला ते आतून लागलं, पण तिची नजर टेबलावरच्या एका नव्या वस्तूवर गेली होती. हिरवट काचेचा, तळहाताएवढा डिस्प्ले. आतापर्यंत काट्यांवर आकडे आणि इंग्रजी अक्षरं तेवढी दिसायची. ही काच ठिपक्यांची होती. हवा तो ठिपका काळा करा, हवा तो सोडा. म्हणजे चित्रसुद्धा काढता येईल.

ती काच आली होती दूध-पेटीसाठी. अप्पारावांनी वजनकाट्यानंतर हे नवीन धरलं होतं. पेटीत दूध ओतायचं, पेटी वजन करणार, दुधातलं फॅट मोजणार आणि काचेवर दाखवणार. भोकरदनकडच्या धावड्याला बायांची दूध संस्था होती. त्यांनी जुनी, अक्षरांची पेटी बघून परत पाठवली होती. त्यांच्या अध्यक्षीण झुंबरबाई म्हणाल्या होत्या, की ही पेटी बोलते ते फक्त रखमाजीला समजतं. आमच्या दुधाचं आम्हाला दिसलं पाहिजे. रखमाजी म्हणजे संस्थेचं दप्तर सांभाळणारा. त्याचं म्हणणं खोटं होतं असं नव्हे, पण रोज सकाळी दुसऱ्याच्या तोंडून आपल्या दुधाचं ऐकायचा बायांना कंटाळा आला होता.

तर चित्राची काच आली, पण चित्र काढायचं कोणी? तो औरंगाबादचा मुलगाही म्हणाला होता, की अक्षरं करू, चित्रांचं मला माहीत नाही.

सत्यशीलानं चहाचा कप खाली ठेवला. म्हणाली, "साहेब, चित्रं मी करते. घरी बसून. धावड्याच्या बायांनी पेटी ठेवून घेतली, तर टेबल माझं, आणि आमू माझ्यासोबत येईल. नाही घेतली तर मी परत विचारायला येणार नाही."

अप्पारावांनी आमूकडे पाहिलं. ती वायर चोखत होती.

"वायर देऊ नका तिला तोंडात," ते म्हणाले. "करा. बघू."

मॅटीचं तिच्या डोक्यात आलं ते असं. काचेवर एक ठिपका म्हणजे कापडावर एक फुली. कॉम्प्युटर शेडवर, आणि दुपारी तर लाइटच नसायची; कापडाला लाइट लागत नाही. कागदावर खोडून खोडून भोकं पडत होती. दोरा मात्र उसवला की ठिपका गेला, मागे काही उरत नाही. शिवाय मध्येच आमू उठली तर सुई खोचून उठता येत होतं, आणि हात लांब करून, डोळे बारीक करून पाहिलं की काचेवर कसं दिसेल ते लगेच कळत होतं. चित्र जमलं की चौकटी आठ-आठ करून मोजायच्या. कुठं फुली, कुठं मोकळं, त्यावरून प्रत्येक आठांचा एक आकडा. असे आकडे ओळीनं चिपमध्ये भरले की काचेवर गाय उभी. आमूला मांडीवर झोपवताना सत्यशीला अंगाईच्या चालीवर ते आकडेच म्हणायची. पोरीला काय, आईचा आवाज पाहिजे.

फॅट कसं दाखवायचं, यावर तिचा नवरा देवानंद अडला होता. तो परतूर तालुक्यात आष्टीला मास्तर होता, शनिवारी घरी यायचा. तो म्हणाला, चार पूर्णांक दोन असा आकडा दाखवलास तर चित्राचा उपयोग काय? सत्यशीला तेव्हा दुधावरची साय बोटानं काढून आमूच्या गालांना लावत होती. तिचा हात तिथंच थांबला. कोणती बाई दुधाला फॅट किती म्हणून विचारते? ती पातेल्यावरचं झाकण काढते आणि साय बघते. मग काचेवर पातेलं काढायचं. दूध जेवढं, तेवढं पातेलं भरेल. आणि फॅट जेवढं, तेवढा वर सायीचा थर. आकडा राहू दे कोपऱ्यात, रखमाजीसाठी.

तर गाय झाली, म्हैस झाली, पातेलं झालं. गायीचं आणि म्हशीचं दूध पेटी वेगवेगळ्या हिशोबानं मोजणार, म्हणून आधी आपल्या जनावराखालचं बटण दाबायचं, मग दूध ओतायचं. दोन बटणं, तीन चित्रं. सत्यशीलानं शेडवर जाऊन सगळं चिपमध्ये भरलं. चिप गच्च भरली, पण बसलं.

धावड्याला गेले त्या सकाळी तिनं आमूला पोटभर पाजून मालनबाईच्या ओटीत दिलं आणि अप्पारावांच्या जीपमध्ये बसली. जीव घरी आणि डोळे मांडीवरच्या पेटीवर, अशी ती भोकरदनपर्यंत गेली.

संस्थेच्या खोलीत बाया किटल्या घेऊन उभ्याच होत्या. पुढे झुंबरबाई. उंच, सावळी बाई, पदर कमरेला खोचलेला, आणि बोलायच्या आधी माणसाला खालपासून वरपर्यंत बघायची सवय. रखमाजीनं समजावलं, की काकू, तुमच्या जनावराच्या चित्राखालचं बटण दाबा. झुंबरबाई वाकून काचेकडे बघत राहिली. पुष्कळ वेळ. मग तिनं म्हशीखालचं बटण दाबलं.

रखमाजी म्हणाला, "काकू, तुमची तर गाय हाय."

"मंग गाय कुठंय त्यात?" झुंबरबाई म्हणाली. "हा तर पोळ्याचा बैल. दूध देणारी म्हणून एवढी म्हैसच दिसून राह्यली, तिलाच दाबलं."

खोलीत हसू फुटलं. मागून कोणीतरी विचारलं, की ह्याला झूल कधी घालता? दुसरी म्हणाली, खांदेमळणीला बोलवा आम्हाला.

सत्यशीलानं काचेकडे पाहिलं, आणि तिलाही तो बैलच दिसला. शाळेत दर पोळ्याला मातीचे बैल करायला लावायचे. तिचा बैल दरवर्षी बाकावर पहिल्या रांगेत असायचा. भरदार वशिंड, उभी शिंगं, ताठ पाय. हाताला जनावर म्हणून तेवढंच माहीत होतं. मॅटीवर फुल्या टाकताना हात त्याच वाटेनं गेला. कास म्हणून पोटाखाली दोन फुल्या टाकल्या होत्या. त्या दोन फुल्यांनी तर बैलपण पक्कंच केलं होतं.

पण खरी फजिती पुढेच होती. झुंबरबाईनं मग "चला, ह्या बैलालाच दाबते" म्हणून बटण दाबलं, दूध ओतलं. पेटी आतल्या आत मोजायला लागली. त्याला जरा वेळ लागतो. तेवढा वेळ काच आहे तशी, निश्चल. बैल उभा तो उभाच. झुंबरबाईनं थोडं थांबून पुन्हा बटण दाबलं. मग शेजारणीनं तिच्या वतीनं दाबलं. मग दोघींनी दोन्ही बटणं दाबली. पेटी गोंधळली, काच कोरी झाली आणि सगळं पहिल्यापासून. असं दोनदा झालं, तीनदा झालं. एकदाच काय ते पातेल्यापर्यंत गेलं आणि सायीची पट्टी क्षणभर दिसली. झुंबरबाईनं मान पुढे काढली, आणि मागून कोणाचा तरी हात बटणावर पडला.

बायांना शेतात जायला उशीर होत होता. शेवटी रखमाजीनं हातानं मोजायची जुनी पद्धत काढली. निघताना झुंबरबाई जीपपाशी आली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, ते जास्त लागलं.

"पोरी, तुझं पातेलं चांगलं हाय. पर पातेल्यापर्यंत पोचू तर दे आम्हाला."

परतीच्या रस्त्यात अप्पाराव म्हणाले, की आपण अक्षरांचंच करू, त्या बाया नको म्हणतील तर दुसरं गाव बघू. सत्यशीलानं एकच मागितलं: एकदा अजून यायचं. अप्पाराव रस्त्याकडे बघत म्हणाले, "एक तारखेला मुलगा येतो. त्याच्याआधी बराबर होत असंल तर करा. मंग मात्र मला काही म्हणू नका."

भोकरदन मागे पडलं आणि तिचं ब्लाउज ओलं झालं. पोरीची वेळ झाली होती, तिला घड्याळ बघावं लागलं नाही. तिनं पदर पुढे ओढून घेतला, पेटी मांडीवर घट्ट धरली.

घरी आमू रडून लाल झाली होती. मालनबाई अंगणात येरझाऱ्या घालत होती. सुनेला बघताच म्हणाली, की आलीस एकदाची, हिनं माझे कान फाडले. सत्यशीला पाय न धुताच भिंतीला टेकून बसली आणि पोरीला जवळ घेतलं. पण दुसऱ्या गावाहून, दुसऱ्या लोकांच्या हसण्यातून आलेली बाई. तिचं दूध लगेच कुठं उतरतं? रस्त्यात आपोआप वाहिलं ते आता आखडलं. आमू दोन घोट ओढायची, सोडायची, किंचाळायची, मुठीनं मारायची, पुन्हा ओढायची.

मालनबाई शेजारी बसली, पोरीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "थांब गं माय. येऊन राह्यला पान्हा. मारतेस काय तिला?"

आणि खरंच, थोड्या वेळानं सत्यशीलाला ती ओळखीची कळ जाणवली, दूध उतरलं, आमूच्या मुठी उघडल्या. एक पाय तेवढा वर-खाली हलत राहिला, तालात.

सत्यशीला त्या पायाकडे बघत राहिली.

माहेरी अंगणात गाय होती. सकाळी आई रिकामा तांब्या घेऊन गायीशेजारी उभी राहायची. आधी वासरू सोडायचं. ते धडपडत जाऊन कासेला भिडायचं, ढुशा मारायचं, आणि पान्हा फुटला की त्याची शेपटी हलायला लागायची. इकडून तिकडे, इकडून तिकडे. तेवढा वेळ आई नुसती उभी. घाई नाही, बोलणं नाही. वासराची शेपटी हलते आहे म्हणजे काम चाललंय, थांबायचं. धार काढणाऱ्या कोणत्याही बाईला हे शिकवावं लागत नाही. आणि आज त्याच बायांना तिनं एका मुक्या, निश्चल काचेसमोर उभं केलं होतं. त्यांनी बटणं दाबली नसती तरच नवल.

"आत्या," ती म्हणाली, "वासरू पाहिजे."

"पोरगी पुरे झाली न्हाई का?" मालनबाई म्हणाली.

दुसऱ्या दुपारपासून मॅटीवर पुन्हा सुई चालू झाली. पण आता अडचण दुसरीच होती. चिप आधीच गच्च होती. बैल काढून गाय बसवली असती, पण वासराला जागा कुठून आणायची? मोठी चिप घ्यायची तर आतला सगळा बोर्ड बदलायचा, आणि एक तारीख तोंडावर आलेली. सत्यशीलानं फुल्या कमी करून पाहिल्या. गायीचे पाय कापले, तर बाकडं दिसायला लागलं. म्हैस लहान केली, तर शेळी झाली. आमू उठली की सगळं टोपलीत पडायचं, झोपली की पुन्हा बाहेर.

एकदा अशीच आमू उठली, सुई राहिली, आणि तिला खेळवायला म्हणून सत्यशीलानं टीव्हीवरचं झाकण काढून तिच्यापुढे धरलं. लग्नातलं. दोन पोपट, समोरासमोर, मध्ये आंबा. आमूनं पोपटांवर हात मारला. आणि सत्यशीलाला आठवलं, की हा नमुना मैत्रिणीकडून आणला तेव्हा कागदावर एकच पोपट होता आणि अर्धाच आंबा. नमुने अर्धेच असतात. मधल्या रेघेपर्यंत बघून भरायचं आणि तिथून उलटं मोजत जायचं. दुसरा पोपट आपोआप होतो. पूर्ण नमुना कोणीच उतरवून घेत नाही.

 मग गाय आडवी कशाला काढायची? गाय समोर बघेल. नुसतं तोंड: कपाळ, कान, वर वळलेली शिंगं. मधल्या रेघेपासून दोन्ही बाजू सारख्या. अर्धीच गाय चिपमध्ये ठेवायची. उरलेली अर्धी चिपनंच उलटी मोजत काढायची. म्हैसही तशीच, तिची शिंगं तेवढी मागे वळलेली. उलटं मोजायला शिकवणारा प्रोग्राम एकदाच लिहायचा, दोघींना तोच. वशिंडाचा प्रश्नच नाही; समोरून ते दिसतच नाही.

आणि वासरू? वासरू पाठमोरं. आईच्या कासेला तोंड लावलेलं वासरू पाठमोरंच दिसतं. दोन मागचे पाय, गोल ढुंगण, तेही अर्धं ठेवलं की पुरे. शेपटी तेवढी वेगळी काढायची, डाव्या बाजूला वळलेली. तिला उलटी केली की उजवीकडे. पुन्हा सरळ, पुन्हा उलटी. एकच शेपटी, पण हलणार.

तिनं आमूला उचलून गरागरा फिरवलं. आमूला वाटलं, पोपटांसाठीच चाललंय हे सगळं.

नवं तोंड मॅटीवर झालं तेव्हा तिनं ते काही न बोलता खुंटीला अडकवलं. मालनबाई पाणी घ्यायला आत आली, थबकली. "ही गाय काहून माझ्याकडंच बघून राह्यली?" मग शेजारी बघून म्हणाली, "अन् ही म्हैस. हिचं तोंड तुझ्या चुलत सासूवर गेलंय." सत्यशीलाला एवढंच पाहिजे होतं. पाठमोऱ्या वासराबद्दल मात्र मालनबाईनं जरा कडक सुरात विचारलं, की हे कोणाला दाखवायचं हाय का?

शेडवर भरायला गेली तेव्हा मालनबाई आमूला घेऊन बाहेर लिंबाखाली बसली. आत सत्यशीलानं गायीचं अर्धं तोंड भरलं, म्हशीचं अर्धं भरलं, अर्धं वासरू भरलं, शेपटी भरली. सगळं बसलं. वर थोडी जागासुद्धा उरली, जसं लग्नघरात सगळे पाहुणे झोपल्यावर एक चटई उरते. तिनं बटण दाबलं. गाय गेली, वासरू आलं, शेपटी हलायला लागली.

अप्पाराव हातातलं काम सोडून मागे येऊन उभे राहिले. काचेवर वाकले. मग म्हणाले, "उजवीकडं जरा जादा हलून राह्यली."

"साहेब, एकच शेपटी आहे ती. जादा कशी हलेल?"

अप्पारावांनी पुन्हा वाकून पाहिलं आणि मान हलवली. कबूल केलं असं मात्र नाही.

धावड्याला दुसऱ्यांदा निघाले तेव्हा सत्यशीलानं आमूला सोबत घेतलं. मागच्या वेळेसारखी वाटेत घालमेल नको होती. पोरगी आली म्हणून मालनबाईही जीपमध्ये चढली आणि पूर्ण रस्ताभर अप्पारावांना जीप हळू चालवायला सांगत राहिली.

खोलीत या वेळी जास्त गर्दी होती. बैलाची गोष्ट गावभर झाली होती. ज्यांची जनावरं आटली होती त्याही बाया बघायला आल्या होत्या. सत्यशीलानं पेटी ठेवली, वायर लावली आणि बाजूला झाली. रखमाजीला तिनं आधीच सांगितलं होतं, की काही समजावून सांगू नका.

झुंबरबाई पुढे आली. काचेकडे वाकली. या वेळी तिला वेळ लागला नाही. बोट सरळ गायीखाली गेलं. दूध ओतलं.

गाय गेली. पाठमोरं वासरू आलं. शेपटी डावीकडे गेली, उजवीकडे गेली, डावीकडे.

 सत्यशीलाची नजर काचेवर नव्हती. झुंबरबाईच्या बोटावर होती. बोट बटणावरच होतं. मग ते हळूच उचललं गेलं. झुंबरबाईनं हात मागे घेतला, पदराच्या आत घातला, आणि एका पायावर भार देऊन उभी राहिली. गोठ्यात गायीशेजारी उभं राहावं तशी. मागून कोणा नव्या सुनेचा हात पुढे आला, तेव्हा तिनं तो न बघताच बाजूला सारला.

"पिऊ दे त्याला," ती म्हणाली.

 एवढ्या बाया, एवढ्या किटल्या, आणि सगळ्या एका शेपटीकडे बघत उभ्या. बाहेर जीपपाशी मालनबाई आमूशी बोलत होती ते ऐकू येत होतं.

मग वासरू गेलं आणि पातेलं आलं. खालून दूध चढत वर आलं, थांबलं, आणि त्यावर सायीचा थर धरला. चांगला जाड.  झुंबरबाईनं दोन बोटं काचेजवळ नेऊन सायीची जाडी मोजली, ती बोटं तशीच धरून मागे वळली आणि सगळ्यांना दाखवली.

त्यानंतर रांग कसली राहते? एकीची साय पातळ निघाली, तर दुसरी म्हणाली, की तुझी गाय विहिरीवर बांधलेली असते का? तिसरीची म्हैस सगळ्यांत जाड, ती मुद्दाम पुन्हा येऊन बघून गेली. प्रत्येक वेळी शेपटी हलायची आणि प्रत्येक वेळी बाया थांबायच्या. एकदाही पेटी कोरी झाली नाही. रखमाजी पेन घेऊन कोपऱ्यात बसला होता. कोपऱ्यातले आकडे बघायचा आणि लिहायचा. आज कोणी त्याला काही विचारलं नाही. त्याला ते बरंच वाटत असावं, कारण त्यानं मध्येच उठून सगळ्यांसाठी चहा सांगितला.

अप्पारावांनी पेटी आवरायला वायरला हात घातला, तसा झुंबरबाईनं तो हात धरला.

"ही कुठं न्हेता? ही राहू द्या इथंच. संध्याकाळचं दूध काय तोंडानं मोजू का?"

"अजून दोन-चार दिवस शेडवर बघायची होती," अप्पाराव म्हणाले.

"तुम्ही या की बघायला. रस्ता चांगला हाय."

मग तिनं विचारलं, की हे वासरू कोणी काढलं? सत्यशीला पुढे झाली. झुंबरबाईनं तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं, तसंच, सवयीनं. तेवढ्यात आमू बाहेर रडायला लागली, आणि सत्यशीलाचा हात आपोआप पदराकडे गेला. झुंबरबाईच्या ते नजरेत आलं. ती हसली. पूर्ण तोंडानं हसली, तेव्हा तिचे पुढचे दोन दात नाहीत हे कळलं.

"तरीच," ती म्हणाली. "जा, आधी तिला पाज. आम्ही थांबतो."

आणि खरंच सगळ्या थांबल्या. सत्यशीला खोलीच्या मागे, कडब्याच्या गंजीच्या सावलीत बसून पोरीला पाजत होती, आणि आत चहा होत होता, आणि मालनबाई अनोळखी बायांना सांगत होती, की माझी सून गाय शिवते, असंतसं काम न्हाई ते; अर्धीच शिवते, अर्धी ती मिशीनच शिवून घेते. परत आल्यावर झुंबरबाईनं आमूला घेतलं आणि काचेसमोर धरलं. आमूनं हाताच्या पंजानं बटणावर थाप मारली. म्हैस गेली, वासरू आलं. आमू शेपटीकडे बघत राहिली, इकडे, तिकडे, आणि तिचा एक पाय हवेत हलायला लागला.

जीप जालन्याच्या रस्त्याला लागली तेव्हा ऊन चढलं होतं. मांडीवर पेटी नव्हती, आमू होती. अप्पाराव म्हणाले, की त्या औरंगाबादच्या मुलाला पलीकडचं टेबल देतो, तुमच्याकडं शिकंल थोडंफार. मग भोकरदनच्या पुढे गेल्यावर, रस्त्यावरून नजर न हटवता त्यांनी विचारलं:

"खिडकीच्या वर एक जुना पंख्याचा हुक हाय. झोक्याला चालंल का?"

सत्यशीलानं मांडीवरच्या आमूला जवळ ओढलं. उत्तर मालनबाईनं दिलं.

"हुक चालंल," ती म्हणाली. "पर झोका मी बांधीन. तुमच्या गाठी मला माहीत न्हाईत."

एक तारखेला खिडकीच्या टेबलावर पुन्हा ऊन होतं, पुन्हा तीच हत्यारं, तोच सोल्डरिंगचा वास. वरून मालनबाईच्या जुन्या लुगड्याचा झोका लटकत होता, त्याची दोरी सत्यशीलाच्या पायाच्या अंगठ्याला बांधलेली. औरंगाबादचा मुलगा पलीकडून मान उंचावून विचारत होता, की मॅडम, अर्धं चित्र उलटं कसं करायचं? तिनं त्याला ओठांवर बोट ठेवून गप्प केलं. झोका अजून हलत होता, डावीकडे, उजवीकडे. तो थांबेपर्यंत त्याला थांबायला लागणार होतं.